भुरीची मान आणि भिंगरीचा हात

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातला नाही, आणि भुवया कोरायचा तर मुळीच नाही. मी कातडीची जाडी मोजणारा चिमटा आहे. मला दोन चपटे जबडे आहेत, त्यांना जोडलेली एक सरकती पट्टी आहे आणि त्या पट्टीवर मिलिमीटरच्या बारीक रेघा कोरलेल्या आहेत. गाईच्या मानेची कातडी बोटांच्या चिमटीत धरायची, माझ्या जबड्यांत अलगद घ्यायची आणि रेघेवरचा आकडा वाचायचा. आयुष्यभर मी एवढंच काम केलं. आता मी एका कपाटाच्या खणात पडून आहे. मला बोलता येत नाही, हलता येत नाही. पण आज कुणी ऐको न ऐको, मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे जाड भिंगाचा चष्मा लावणारा एक वयस्कर कारागीर होता. दुसरे लोक लोखंड कापत, घासत, चकचकीत करत. हा फक्त रेघा पाडायचा. एकेक रेघ पाडताना तो श्वास रोखून धरायचा. मला तयार केल्यावर त्याने माझ्या जबड्यांत एकामागून एक पोलादी पत्रे धरून पाहिले आणि दर वेळी समाधानाने मान हलवली. मग शेजारच्या माणसाला म्हणाला, "हा कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. जे असेल तेच सांगेल."

त्या शब्दांचा मला केवढा अभिमान वाटला! मी तो अभिमान कित्येक वर्षं उराशी धरून होतो.

कारखान्यातून मी एका गुरांच्या डॉक्टरांकडे आलो. उंच, किंचित पोक आलेले, बोलताना समोरच्या माणसाऐवजी जनावराकडे बघणारे. कोटाच्या वरच्या खिशात त्यांनी मला जागा दिली. त्यांच्या बॅगेत छोट्या सुया, वस्तरा, एक वही आणि थंड डब्यात औषधाच्या इवल्या बाटल्या असायच्या. त्या औषधाने रोग बरा होत नाही, मित्रांनो. ते क्षयाच्या जंतूंपासूनच काढलेलं, पण त्यात जिवंत जंतू एकही नसतो. ते फक्त शरीराला एक प्रश्न विचारतं.

तो कसा विचारतात ते सांगतो. डॉक्टर गाईच्या मानेवर रुपयाएवढी जागा वस्तऱ्याने साफ करत. मग मला लावून कातडीची जाडी बघत आणि वहीत लिहीत. नंतर सुई कातडीच्या आरपार जाऊ न देता, कातडीच्या आतच, थेंबभर औषध सोडत. तिथे मसुराएवढी पुळी यायची. झालं काम. मग तीन दिवस थांबायचं. गाईच्या अंगात क्षयाचे जंतू कधी शिरले असतील, तर तिचं शरीर त्या औषधाला ओळखतं आणि तिथली कातडी सुजून जाड होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टर परत येत आणि मला पुन्हा त्याच जागी लावत. पहिला आकडा आणि दुसरा आकडा, त्यातला फरक म्हणजे निकाल. फरक चारच्या वर गेला की ती गाय कळपातून काढायची. तिला घेऊन जाणारी गाडी परत यायची ती रिकामीच.

माझ्या एका रेघेवर जीव टांगलेला असायचा, हे मला माहीत होतं. कितीतरी मालकांनी हात जोडले. "साहेब, जरा दाबून धरा ना चिमटा." "डॉक्टर, ती सूज नाही हो, माशी चावली असेल." डॉक्टर कुणालाही बधले नाहीत, आणि मी तर लोखंडाचाच. लोक म्हणत, "त्या डॉक्टरांचा चिमटा खोटं बोलत नाही." हे ऐकलं की मी खिशात आणखी ताठ व्हायचो.

असाच एका सकाळी आम्ही अकरा गाईंच्या एका गोठ्यावर गेलो.

गोठा नीटनेटका होता. फरशी धुतलेली, गव्हाणीत चारा, भिंतीवर खुंटीला टांगलेल्या चकचकीत कॅन. मालक चाळिशीचा, दणकट, बडबड्या. त्याची बायको मात्र कमी बोलायची आणि सगळं बघायची. त्यांना पाच वर्षांची एकच मुलगी. ती पोर एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. तिचं खरं नाव मी शेवटपर्यंत ऐकलं नाही.

अकरा गाईंत एक म्हातारी होती. धुरकट रंगाची, म्हणून तिचं नाव भुरी. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. सकाळी उठली की ती दोनचार वेळा खोकायची, मग मान खाली घालून उभी राहायची. पण ती गरीब होती, लाथ मारायची नाही, म्हणून भिंगरी तिच्या पायांत खेळायची. आणि मालक तिचं दूध काढताना भिंगरी पेला घेऊन पुढ्यात बसायची. धार थेट पेल्यात. फेसाळ, कोमट, न तापवलेलं.

"तापवून द्या तिला," डॉक्टर म्हणाले.

"अहो, तापवलं की तिला आवडत नाही," मालक हसला. "आणि मी लहानपणापासून असंच प्यालोय. काय झालंय मला?"

डॉक्टरांनी पुन्हा एकदा सांगितलं, पण तोवर त्यांचं लक्ष पुढच्या गाईकडे गेलं होतं.

भुरीच्या मानेत सुई गेली तेव्हा भिंगरीने पुढे होऊन त्या जागेवर फुंकर घातली. आम्ही निघालो तेव्हाही ती फुंकर घालतच होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत आलो. डॉक्टर एकेका गाईला मला लावत होते आणि आकडे मोठ्याने सांगत होते. मालकाची बायको वहीत लिहून घेत होती. पहिल्या चार गाई ठीक. पाचवीची कातडी नऊ मिलिमीटरने वाढलेली. सातवी बाराने. नववी पुन्हा नऊने. मालक गव्हाणीच्या कडेवर मटकन बसला.

शेवटी भुरी. डॉक्टरांनी तिची कातडी धरली. ती कागदासारखी पातळ होती. मी अगदी नीट मोजलं, मित्रांनो. शपथेवर सांगतो, मी अगदी नीट मोजलं.

"शून्य," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे भुरी नापास?" भिंगरीने विचारलं.

"नाही गं बाई," डॉक्टर हसले, "इथे शून्य मिळालं की पास!"

भिंगरीने टाळ्या पिटल्या. मालकाच्या जिवात जीव आला. "बघा," तो म्हणाला, "म्हातारी पक्की आहे. मी सांगत होतो."

त्याची बायको मात्र वही मिटून म्हणाली, "डॉक्टर, ही खोकते हो सकाळी. आणि खाते तेवढं अंगी लागत नाही."

डॉक्टरांनी भुरीकडे पाहिलं. क्षणभरच. त्यांचा हात तिच्या गळ्याकडे गेला, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर शून्य होतं. वीस वर्षांत मी एकदाही खोटं बोललो नव्हतो.

"वयानुसार असतं वहिनी," ते म्हणाले आणि मला पुसून खिशात ठेवलं.

तो क्षण मला परत मिळाला तर! मी काय करणार होतो म्हणा. शून्य ते शून्य. पण त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत राहिले आणि भुरीकडे कुणीच पाहिलं नाही.

तीन गाई गेल्या. जाताना डॉक्टरांनी मालकाला बजावलं, की गोठ्यात रोग निघालाय, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी दवाखान्यात जाऊन कातडीची चाचणी करून घ्यायची. आणि उरलेल्या गाईंची तपासणी साठ दिवसांनी पुन्हा होईल. लगेच का नाही? कारण एकदा विचारून झालं की कातडी काही काळ थकते, तोच प्रश्न लगेच विचारला तर उत्तर भरवशाचं येत नाही. साठ दिवस थांबावंच लागतं.

मालक हो म्हणाला आणि गेला नाही. आज चारा आणायचाय, उद्या कॅन पोचवायच्यात. मधेच भिंगरीला गोवर आला. गोवर बरा झाला, पण पोर काही उभारी धरेना. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. खेळता खेळता ती बसकण मारायची. तेव्हा तिच्या आईने डॉक्टरांना फोन केला. "ह्यांना वेळ होईल तेव्हा होईल," ती म्हणाली, "मला तुमच्या गाडीतून न्याल का?" डॉक्टर गेले, आणि आईचा आवाज ऐकून मालकही मुकाट्याने गाडीत बसला.

दवाखान्यातली नर्स गोल चेहऱ्याची, झपाझप काम करणारी बाई होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. माणसांची चाचणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मानेऐवजी हाताची आतली बाजू, कोपराच्या खाली. सुई गाईच्या सुईपेक्षा कितीतरी नाजूक. पण तऱ्हा तीच, कातडीच्या आत थेंबभर औषध, आणि फिकट रंगाची पुळी. "चोळायचं नाही, खाजवायचं नाही, पट्टी बांधायची नाही," सिस्टरने बजावलं. "आणि परवा, फार तर तेरवा, यायचं म्हणजे यायचं. न बघितलेली चाचणी म्हणजे न केलेली चाचणी."

भिंगरी रडली नाही. तिने स्वतःच्याच हातावर फुंकर घातली. तेवढ्यानेही तिला धाप लागली.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने आधी मालकाचा हात धरला. त्याच्या हातावर लालसर गाठ आली होती. सिस्टर डोळे मिटून बोटांनी चाचपत होती. "लाली मोजायची नसते," ती म्हणाली, "आतली कडक सूज कुठवर आहे तेवढंच बघायचं." तिने पेनाने दोन्ही कडांना खुणा केल्या आणि पारदर्शक पट्टी लावली. चौदा. मालकाचा चेहरा उतरला. त्याच्या छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. जंतू त्याच्या अंगात कधीतरी शिरलेले, पण झोपलेले होते. आईच्या हातावर सहा, म्हणजे काळजीच्या दहाच्या आतच.

मग भिंगरी. सिस्टरने तिच्या हातावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिथे काहीच नव्हतं. टोचल्याची खूणही शोधावी लागत होती.

"शून्य," सिस्टर म्हणाली. "छान. काळजी करू नका. गोवरानंतर मुलं अशक्त होतातच. चांगलं खायला घाला."

मालकाने लेकीला उचलून घेतलं. "ऐकलंस का? आपल्या भुरीसारखी तू पण पास!"

मी खिशात होतो. डॉक्टरांचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं, ते एकाएकी मंदावलं. त्यांनाही बरं वाटलं होतं. आई मात्र तिथेच उभी राहिली.

"सिस्टर, पण हिला काहीतरी होतंय."

"अहो ताई, चाचणी सांगतेय ना."

"चाचणी तिच्याजवळ झोपत नाही. मी झोपते."

रांगेत तीस माणसं उभी होती. सिस्टरने पुढचं नाव पुकारलं.

त्यानंतर तेरा दिवसांनी साठ दिवस भरले. आम्ही गोठ्यावर जाऊन उरलेल्या आठ गाईंना पुन्हा टोचलं. भुरी उभी राहायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा ती आडवी पडलेली होती. डॉक्टरांनी गुडघ्यावर बसून मला तिच्या मानेला लावलं.

पुन्हा शून्य.

दुपारच्या आत भुरी गेली.

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या, हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत तिला उघडून पाहिलं. मी जवळच एका दगडावर ठेवलेला होतो. मित्रांनो, जे दिसलं ते मी थोडक्यात सांगतो. तिची फुप्फुसं गाठींनी भरून गेली होती. पिवळट, भुसभुशीत गाठी, लिंबाएवढ्या, बोराएवढ्या. अख्ख्या कळपात तिच्याइतकी आजारी गाय दुसरी नव्हती. कितीतरी महिने, कदाचित वर्षं, तीच बाकीच्यांना रोग देत होती.

"मग सूज का नाही आली?" मालक ओरडला. "तुमचा चिमटा तर शून्य म्हणत होता!"

"अंगात ताकद उरली तर सूज येते," डॉक्टर म्हणाले. "रोग फार पुढे गेला की शरीर थकतं. मग कातडी गप्प बसते. मी हे पुस्तकात वाचलं होतं. शिकलो होतो मी हे."

आणि बोलता बोलता ते थांबले. त्यांनी मान वळवली. गोठ्याच्या पायरीवर आई बसली होती. तिच्या मांडीवर भिंगरी होती. तिची भुरी गेली होती, तरी ती रडत नव्हती. ती काहीच करत नव्हती. डोळे अर्धे मिटलेले, मान आईच्या दंडावर टाकलेली.

डॉक्टरांनी हातमोजे ओरबाडून काढले. घाईघाईने हात धुतले. "वहिनी, हिला उचला. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

"हिची कातडीसुद्धा गप्प आहे."

गाडी त्या दिवशी कशी चालवली ते त्यांचं त्यांना ठाऊक. आई मागे बसून सारखी हाका मारत होती, "भिंगरी, ए भिंगरी, इकडे बघ गं." पोर बघत नव्हती.

दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाई तपासणीत गुंतलेल्या होत्या. आमचे डॉक्टर दार ढकलून आत शिरले. अंगावर शेणाचे डाग, केस विस्कटलेले.

"रांगेत या," बाई म्हणाल्या.

"रांगेला वेळ नाही. हिला क्षय आहे."

बाईंनी कागद चाळले. "हिची चाचणी तर शून्य आहे. आणि तुम्ही... तुम्ही गुरांचे डॉक्टर ना?"

"हो, गुरांचा. आत्ता एक गाय उघडून आलोय. दोन वेळा शून्य आली होती आणि फुप्फुसात सुई ठेवायला जागा नव्हती. ही पोर त्याच गाईचं दूध प्यायली, कच्चं. महिन्यामागे गोवर होऊन गेलाय. बाई, मला माणसांतलं काही कळत नाही. मी चुकत असेन तर मला हाकलून द्या. पण आधी हिला एकदा बघा. हवं तर पाया पडतो."

आणि ते खरंच वाकले. मी खिशातून घसरून जमिनीवर पडता पडता राहिलो.

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी भिंगरीच्या डोक्याखाली हात घातला आणि हनुवटी छातीकडे नेऊन पाहिली. मान वाकेना. आतापर्यंत गप्प असलेली पोर जिवाच्या आकांताने किंचाळली. बाईंचा चेहरा बदलला.

"सिस्टर, फोटो. लगेच. आणि पाठीतून पाणी काढायची तयारी करा."

छातीचा फोटो त्यांनी उजेडावर धरला. काळ्या कागदावर कुणी रवा सांडावा तसे बारीक पांढरे ठिपके दोन्ही फुप्फुसांवर पसरले होते. रोग रक्तातून सगळीकडे गेला होता. मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता.

"उशीर झालाय का?" आईने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "झालाय. किती झालाय ते मला आज सांगता येत नाही."

सिस्टर दाराशी थिजून उभी होती. ती पुटपुटली, "मी विचारायला हवं होतं. गोवरानंतरही कातडी गप्प बसू शकते. तो कधी झाला, वजन किती उतरलं. मी विचारलंच नाही."

औषधं त्याच दुपारी सुरू झाली. भिंगरी मात्र शुद्धीवर येईना. एक दिवस गेला, दुसरा गेला. चौथ्या दिवशी डॉक्टर मालकासमोर जाऊन उभे राहिले. दवाखान्याच्या लांबलचक बोळात, बाकांच्या रांगेजवळ.

"भुरीला मी सोडलं," ते म्हणाले. "वहिनींनी सांगितलं होतं ती खोकते म्हणून. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

मालकाने त्यांच्या खिशात हात घातला आणि मला उपसून काढलं. त्याचा हात भट्टीसारखा तापला होता. "हा! हा खोटारडा!" आणि त्याने मला जीव खाऊन फेकलं. मी भिंतीवर आदळलो आणि फरशीवरून खणखणत दूरवर गेलो. माझ्या एका जबड्याला तेव्हा खोच पडली. ती अजून आहे. मला वाईट वाटलं नाही, मित्रांनो. मला वाटलं, त्याने माझे तुकडे करावेत.

आवाज ऐकून आई बाहेर आली. ती खाली वाकली, मला उचललं, पदराने पुसलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "यानं काय केलं? सूज नव्हती, यानं नाही म्हणून सांगितलं. आजारी आहे का, हे याला कुणी विचारलं होतं? आणि दूध तापवून द्या म्हणून तर यांनी दोनदा सांगितलं होतं. तेव्हा कोण हसलं?"

मालक बाकावर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. आईने मला डॉक्टरांच्या हातात दिलं. आणि ती त्यांच्याकडे न बघता आत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं डॉक्टर नंतर कितीतरी वेळा स्वतःशी म्हणत.

भिंगरीने डोळे उघडले ते दहाव्या दिवशी. आईने हाक मारली. भिंगरी छताकडे बघत राहिली. आईने आणखी मोठ्याने हाक मारली. मग ती तिच्या नजरेसमोर आली, तेव्हा कुठे मुलीचे ओठ हलले. त्या दिवशी कळलं, की तिला ऐकू येत नाही. काही दिवसांनी तिला उभं करू गेले, तर उजवा पाय उचलेना. त्या गोष्टी परत आल्या नाहीत. एक पाय ओढत चालायला ती पुन्हा शिकली, भिंत धरून, एकेक फरशी मोजत.

गोठ्यातल्या आणखी चार गाई दुसऱ्या तपासणीत रोगी निघाल्या. उरलेल्या तीन मालकाने स्वतःच नको म्हणून देऊन टाकल्या. गोठा चुन्याने पांढरा केला आणि कुलूप लावलं. मालक एका लाकडाच्या वखारीत कामाला जाऊ लागला. डॉक्टरांशी तो पुन्हा कधी बोलला नाही. रस्त्यात दिसले, तर पलीकडच्या बाजूने जायचा.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला. भिंगरीचं वजन वाढत होतं. तिचं शरीर आता जागं झालंय का, हे बघण्यासाठी त्यांनी तिच्या हातात पुन्हा एकदा थेंबभर औषध टोचलं होतं. "आज तिसरा दिवस आहे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला बघायचं असेल तर या."

डॉक्टर गेले. भिंगरी आईला टेकून बसली होती. तिच्या बारीक हातावर एक टणक, लालसर गाठ आली होती. सिस्टरने बोटांनी चाचपून दोन खुणा केल्या आणि पट्टी लावायच्या ऐवजी आमच्या डॉक्टरांकडे पाहिलं. "तुमचा चिमटा आणलाय?" तिने स्वतः मला स्पिरिटने दोनदा पुसलं. मग त्या खुणांवर माझे जबडे टेकवले.

माणसाची कातडी माझ्या जबड्यांना तेव्हा प्रथमच लागली. किती ऊन होती ती! मी मोजलं.

"बारा," डॉक्टर म्हणाले.

"बारा म्हणजे वाईट ना?" आईने घाबरून विचारलं.

"बाकी कुणाच्या हातावर आली असती, तर मलाही काळजी वाटली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिची मला हवी होती. हिचं शरीर आता लढतंय."

आईने त्या गाठीवर गाल टेकवला आणि ती रडली. आपल्या आईला काय झालं, हे भिंगरीला कळलं नाही. ती आम्हा सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, कुणाच्या ओठांवरून काही समजतंय का म्हणून.

त्यानंतर डॉक्टरांनी आणखी सात वर्षं नोकरी केली. मला खिशातून काढायच्या आधी ते आता गाईच्या छातीला कान लावत, गळ्याखालच्या गाठी चाचपत, तिला चार पावलं चालवून बघत. आणि घरातल्या बाईला विचारत, "तुम्हाला काय वाटतं?" त्यात वेळ जायचा. लोक कुरकुरायचे, म्हातारा चक्रम झालाय म्हणायचे. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला या खणात ठेवलं. खण बंद करण्याआधी माझ्या खोचेवरून अंगठा फिरवला.

आता इथे नवे डॉक्टर आहेत. हुशार आहेत, त्यांचा हात सफाईदार आहे. त्यांच्या चिमट्यावर आकडे आपोआप उजळतात. हे कपाट तपासणीच्या शेडला लागूनच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. आज सकाळीही ऐकलं. एक गाय खोकत होती. कोरडा, खोल खोकला. मी तो खोकला ओळखतो. आणि नव्या डॉक्टरांचा उत्साही आवाज आला, "शून्य! चला, पुढची आणा."

मी ओरडलो, मित्रांनो. जेवढं लोखंडाला ओरडता येतं तेवढं ओरडलो. थांबा, तिच्या बरगड्या बघा, तिच्या मालकिणीला विचारा, तिचं दूध कुणाचं पोर पितंय ते बघा! खण बंद होता. गाय पुढे गेली. तिच्या खुरांचा आवाज लांब जात जात बंद झाला.

म्हणून आता तुम्हाला सांगतोय. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. हातावर चाचणी केली, तर तिसऱ्या दिवशी कसंही करून परत जा, आणि आधीचं दुखणं, उतरलेलं वजन, संध्याकाळचा ताप, सगळं न विचारता सांगा. माझ्यासारखी मापं सांभाळा, पुसा, जपा. आम्ही तुमचे वैरी नाही. आम्ही जेवढं विचाराल तेवढंच सांगतो, आणि ते खरंच सांगतो. पण तुमच्यातलं कुणी पुढे डॉक्टर झालं, नर्स झालं, आई झालं, तर माझी एवढी विनवणी ऐका. माझ्यावरचा आकडा वाचून झाला की मान वर करा, आणि समोर कोण उभं आहे ते नीट बघा.